मार्चमधला पैसा, मेमधला वर्ग

साखर पेठेत माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. धोटे, पिकर, बॉबिन, पट्टे. दिवसभर आकडे लिहीत बसणारा माणूस म्हणून आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाच्या ट्रस्टनं मला खजिनदार केलं. माझ्या धाकटीला अध्ययन अक्षमता आहे. त्यामुळं त्याच वाचनालयात अशा मुलांसाठी उन्हाळी वर्ग घ्यायचं ठरलं, तेव्हा पैसे आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "मालक, तुमची ओळख आहे की सगळीकडं," असं म्हणून. सोलापुरात सगळ्यांचीच सगळीकडं ओळख असते. पैसे मागायला निघालं की ती किती पातळ आहे ते कळतं.

धाकटीचं आधी सांगतो, कारण पैसे देणाऱ्या प्रत्येकानं पहिल्यांदा तेच विचारलं. तिसरीत असताना तिला तोंडी सगळं यायचं. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची गोष्ट ती आजीपेक्षा रंगवून सांगायची. वही उघडली की काना-मात्रा गायब. 'मोर'चा 'मर', 'घर'चं 'धर', आणि 'ख' आला की 'रव'. बाई म्हणायच्या, लक्ष देत नाही. आम्हीही तेच म्हणत होतो. एक-दोनदा हातही उचललाय, ते लपवत नाही. पुढं तपासणी झाली. बुद्ध्यांक व्यवस्थित, डोळे-कान व्यवस्थित, वाचन मात्र दोन वर्षं मागं. दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणं चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा करायची, हे तेव्हा कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात हिचा प्रकार आला. दहावीला तासामागं वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. पण पोरगी तिसरीत. दहावीपर्यंत तिनं रोज वर्गात मान खाली घालून बसायचं का?

तिला शिकवायला ज्या विशेष शिक्षिका भेटल्या, त्यांना आम्ही सगळे ताईच म्हणतो. उन्हाळ्याची कल्पना त्यांची. त्यांचं म्हणणं सोपं होतं. वर्षभर शाळा पुढं पळत असते, ही मुलं मागून धापा टाकत येतात. मागचं भरून काढायला वेळ एकच, मे महिना. आणि त्याच महिन्यात आपण त्यांना सोडून देतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा एप्रिलमध्ये आलेली जोडाक्षरंसुद्धा गेलेली असतात. एका शिक्षिकेमागं सहा मुलं, सकाळी आठ ते अकरा, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. यापेक्षा जास्त मुलं घेतली तर ती शिकवणी झाली, म्हणाल्या.

पहिला उन्हाळा २०२२ चा. नऊ मुलं, ताई आणि त्यांची एक मैत्रीण. पालकांनी दोन-दोन हजार काढले, अठरा हजार झाले. खर्च झाला एकतीस. मधले तेरा हजार ताईंनी मानधन न घेऊन आणि मी दुकानातून घालून भागवले. वर्ग छान झाला, पण ताईंनी फुकट शिकवलं ही गोष्ट मला खटकली. हुशार मुलांच्या शिकवणीला बाप लोक मुकाट्यानं हजारो मोजतात, आणि ज्या मुलाला खरंच शिकलेली, पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेली बाई लागते, तिनं सेवाभावानं यावं अशी अपेक्षा. पुढच्या वर्षी बाईंना पैसे द्यायचेच, असं मी मनात धरलं.

काही पालकांचं म्हणणं, गणपतीसारखी वर्गणी काढू. आमच्यातल्या एका वकील पालकांनी लगेच थांबवलं. अशी वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडं कलम ४१ क खाली कळवावं लागतं, मंडळं घेतात तशी परवानगी घ्यावी लागते. "नाहीतर पावती पुस्तक छापलं तेच चूक," म्हणाले. वाचनालयाचा ट्रस्ट मदतीला आला तो इथं. पन्नासाहून जास्त वर्षांचा, घटनेत 'शिक्षण व वाचनाचा प्रसार' असं लिहिलेलं. २०२१ मध्ये सगळ्या ट्रस्टना १२ ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करात सवलत) नव्यानं नोंदवायला लावलं, तेव्हा आमच्या सीए साहेबांनी आठवणीनं ते करून ठेवलं होतं. मला वाटलं, झालं काम.

कसलं काम. पहिल्या कंपनीनं कागद मागितले त्यात ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा होता, सगळे ज्याला पीटीआर म्हणतात तो. उतारा काढला तर त्यावर सात विश्वस्तांची नावं. त्यातले दोघे वारलेले, एक पुण्याला मुलाकडं, आणि माझं नाव कुठंच नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्याकडं तो कित्येक वर्षांत कुणी दिलेलाच नव्हता. म्हणजे मी खजिनदार म्हणून सह्या करत होतो, आणि कागदावर खजिनदार कोण, तर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतले अण्णा. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच. ते निस्तरण्यात एक पावसाळा गेला. मृत्यूचे दाखले गोळा करत अण्णांच्या सुनेकडं गेलो तेव्हा तिनं चहा केला आणि विचारलं, "आता त्यांचं नाव काढून टाकायला कशाला आला ओ?"

मधल्या काळात सरकारी दारंही वाजवली. एका कार्यालयात खिडकीतल्या माणसानं धाकटीचा दाखला हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "टक्के कुठायत?" म्हणजे अपंगत्वाचे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, एवढं वाचून मी गेलो होतो. त्यानं मला यादी वाचून दाखवली: तीनचाकी, श्रवणयंत्र, झेरॉक्स मशीन. "तुमच्या पोरीला यातलं काय पाहिजे?" माणूस वाईट नव्हता, खरंच विचारत होता. मी म्हटलं, बाई पाहिजे. त्यानं यादी पुन्हा वरून खाली वाचली.

दुसरे एक जण म्हणाले, राष्ट्रीय न्यासाच्या योजना बघा. बघितल्या. १९९९ चा तो कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. आमची मुलं त्यात बसत नाहीत. धडधाकटांच्या शाळेत ती मागं, दिव्यांगांच्या योजनेत ती जास्तच धडधाकट. चालतात, बोलतात, क्रिकेट खेळतात. फोटो काढला तर फोटोत काहीच दिसत नाही. देणगीच्या जगात ही मोठीच अडचण आहे. एका सेवाभावी क्लबात मी बोलून खाली बसलो तर शेजारचे गृहस्थ वाकून म्हणाले, "पोरं तर चांगली दिसतायत की ओ."

मग कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणं ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. काय काय चालतं त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे, आणि तीत 'विशेष शिक्षण' हे शब्द आहेत. मी त्या पानाची झेरॉक्स काढून ते दोन शब्द पिवळ्या पेनानं रंगवले आणि फायलीत सगळ्यात वर लावले. ट्रस्टला असा पैसा घ्यायचा तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. १२ ए, ८० जी, तीन वर्षांचं काम, ऑडिट, सीएंची डिजिटल सही. हे सगळं होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत मी एका कंपनीत अर्ज दिला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. मंजूर! मी दुकानातल्या पोराला पेढे आणायला पाठवलं. पेढे यायच्या आत दुसरं वाक्य आलं: "फक्त खर्चाची बिलं आणि विनियोगाचा दाखला ३१ मार्चच्या आत द्या."

आमचा वर्ग २ मेला सुरू होणार होता.

मी त्यांना भेटायला गेलो. समोरचे अधिकारी तरुण होते, नम्र होते. त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या वर्षाचा पैसा त्या वर्षात खर्च झाला नाही, तर तो सहा महिन्यांत कायद्यानं नेमून दिलेल्या सरकारी निधीत भरावा लागतो. वर्षाच्या पुढं चालणारा प्रकल्प असेल तर वेगळ्या खात्यात ठेवता येतो, पण तो संचालक मंडळानं तसा आधीच ठरवलेला पाहिजे. मूठभर मुलांच्या सहा आठवड्यांसाठी कुठलं मंडळ बसणार? मग नव्या वर्षाच्या पैशातून द्या, म्हटलं. नव्या वर्षाचं अंदाजपत्रक जून-जुलैत मंजूर होतं. तोवर मुलं शाळेत.

रिक्षात बसल्यावर मला हे नीट कळलं. देणाऱ्यांचं वर्ष आणि आमच्या मुलांचं वर्ष यांच्यामध्ये एक फट आहे, आणि अख्खा उन्हाळा नेमका त्या फटीत पडतो. मार्चमध्ये सगळ्यांना पैसे संपवायची घाई असते, मेमध्ये सगळ्यांच्या तिजोऱ्या 'अजून मंजुरी नाही' म्हणतात. हिवाळ्यात ब्लँकेट वाटणाऱ्यांना, जानेवारीत आरोग्य शिबिर घेणाऱ्यांना हे कधी कळणार नाही.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एकानं उपाय सुचवला. बिलं मार्चची करून घ्या, वर्ग मेमध्ये घ्या, कुणाला काय कळतंय. मी ते अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "चहा घेणार?" त्यावर मी काही बोललो नाही. पैसे परत गेले. त्या वर्षी चौदा मुलांचा वर्ग चार आठवड्यांत गुंडाळला.

तिसऱ्या वर्षी मी दिवाळीलाच फाईल घेऊन निघालो. २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात होती. मे आणि नोव्हेंबर यांचा संबंध काय, असं घरच्यांना वाटलं, पण फराळाचा डबा आणि अर्ज एकत्र नेता येतात हा एक फायदा. या वेळी अंदाजपत्रक एकसंध नव्हतं. ताई आणि मी दुकानात बसून त्याचे दोन ढीग केले: जे ३१ मार्चच्या आत खरंच खर्च होऊ शकतं ते एकीकडं, आणि जे मेमध्येच होणार ते दुसरीकडं.

एकूण आकडा एक लाख सेहेचाळीस हजार. चार शिक्षिकांना प्रत्येकी वीस हजार म्हणजे ऐंशी हजार. मानसशास्त्रज्ञांच्या सहा भेटी, नऊ हजार. दोन रिक्षांचे अठरा हजार. चोवीस मुलांचा तीस दिवसांचा नाश्ता वीस रुपयांप्रमाणं चौदा हजार चारशे. साहित्य पंधरा हजार. कूलरचं भाडं, पाण्याचे जार, वीज मिळून नऊ हजार सहाशे. माझ्या डोक्यात फक्त साहित्य मार्चमध्ये बसत होतं. खरी अक्कल ताईंनी चालवली. त्या म्हणाल्या, मुलांची आधीची चाचणी मेच्या पहिल्या आठवड्यात का घेतो आपण? ती मार्चमध्येच व्हायला पाहिजे, म्हणजे प्रत्येक मुलाचा आराखडा आधी तयार होईल. मानसशास्त्रज्ञांच्या भेटीही तेव्हाच. शिवाय शिक्षिकांची एक आठवड्याची तयारी, तिचे त्यांच्या वीस हजारांतलेच प्रत्येकी चार हजार. पंधरा, नऊ आणि सोळा: चाळीस हजार रुपये खोटेपणा न करता मार्चमध्ये गेले. कंपनीनं जानेवारीत मंजूर केले, फेब्रुवारीच्या शेवटी खात्यात आले, आणि ३० मार्चला मी बिलं नेऊन दिली. तारखा खऱ्या होत्या. आणि वर्गसुद्धा त्यामुळं आधीपेक्षा बरा झाला, हे मी त्या कंपनीला अजून सांगितलेलं नाही.

मार्चमधल्या चाचणीची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, मशिदीजवळच्या बोळात दखनी, आणि शाळेत मराठी. एकतीस मुलं आली. वाचता येत नाही ते अक्षमतेमुळं, की घरची भाषा वेगळी आहे म्हणून, हे ओळखणं सोपं नाही. ताईंनी मुलांच्या आज्यांना बोलावलं. एक आजी विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच आली. ताईंनी तिला तेलुगूत शब्दांचे खेळ घ्यायला लावले: या शब्दासारखा वाजणारा दुसरा सांग, या शब्दातला पहिला आवाज काढून टाक. ज्या मुलाला हे घरच्या भाषेतही जमत नव्हतं, तो आमचा. ज्याला आजीबरोबर खटाखट जमलं आणि मराठीत अडलं, त्याला आमची नाही, मराठी ऐकण्या-बोलण्याची गरज होती. अशी सात मुलं निघाली. ती वाचनालयाच्या गोष्टींच्या तासाला बसवली. उरली चोवीस.

आता उरलेले एक लाख सहा हजार. आठ मुलांचे पालक काहीच देऊ शकत नव्हते, सोळा जणांनी हजार-हजार दिले. सोळा हजार.

नव्वद हजार राहिले. माणसांकडं जायचं म्हणजे मार्चमध्येच जायचं, हे आता पाठ झालं होतं, कारण ८० जी ची आठवण लोकांना तेव्हाच येते. पण २०२३-२४ पासून नवी कररचना सगळ्यांना आपोआप लागू झाली, आणि तीत ८० जी ची वजावट नाही. बँकेतले एक मित्र दर वर्षी पाच हजार द्यायचे. म्हणाले, "मी नव्यात गेलो रे. आता पावतीचा उपयोग नाही." मी म्हटलं, पावतीचा नसेल, पैशाचा आहे. त्यांनी दोन हजार दिले. उलट आमच्या समोरच्या पानवाल्यानं पाचशे दिले आणि पॅन मागितल्यावर भडकला. "पाचशे रुपयांना पॅन? चोरीचा पैसा हाय का?" आयकर खात्याला प्रत्येक देणगीदाराची यादी द्यावी लागते, हे त्याला समजावता समजावता माझं एक गिऱ्हाईक निघून गेलं. सदतीस जणांचे मिळून बावन्न हजार झाले. मार्चमध्ये आलेला पैसा मेमध्ये खर्च करायचा तर ट्रस्टलाही नियम आहे: वर्षाच्या उत्पन्नातले पंच्याऐंशी टक्के त्याच वर्षात वापरायचे, उरले तर फॉर्म भरून सांगायचं. सीए साहेबांनी तो भरला आणि फी म्हणून शेंगा चटणी मागितली.

रिक्षाचे अठरा हजार एका गणवेश कारखानदारानं दिले. त्यांच्याकडं मी खरं तर गाडी मागायला गेलो होतो. सोलापूरचे शाळेचे गणवेश देशभर जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते शिवून कधी जातात, हे मी विसरलो. एप्रिल महिना, खोलीभर निळे-पांढरे तुकडे कापून रचलेले, शिलाई मशिनींचा एकसारखा आवाज, आणि मालक दोन फोनवर एकाच वेळी. मी गाडी म्हटल्याबरोबर त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले. "मे महिन्यात गाडी मागता? त्यापेक्षा किडनी मागा." मग गल्ल्यातून चेकबुक काढलं. रिक्षाला महिन्याला किती, एवढंच विचारलं. बॅनरवर नाव लावू का म्हटलं तर म्हणाले, "बॅनर नको. तो रिक्षावाला वेळेवर येतो का बघा."

टॉवेलचा कारखाना असलेल्या एका पालकांनी दहा हजार दिले आणि वर दोन गठ्ठे 'सेकंड'चा माल. टर्किश टॉवेल, कुठं धागा निघालेला, कुठं रंग लागलेला. मला कळेना यांचं काय करायचं. ताईंनी कात्री घेऊन टॉवेलचीच अक्षरं कापली, एकेक वीतभर, आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. बाजारात अशी खरखरीत अक्षरं विकत मिळतात, सँडपेपरची. आमची लुसलुशीत. मुलं डोळे मिटून बोट फिरवतात आणि अक्षराचं नाव घेतात. 'घ' ची आणि 'ध' ची सुरुवात कुठं वेगळी आहे, ते डोळ्यांआधी बोटाला कळतं.

नाश्त्याचा निम्मा भार एका बचत गटानं उचलला, म्हणजे सात हजार दोनशे. बेरीज करा: बावन्न, अठरा, दहा आणि सात हजार दोनशे. नव्वद हजारांना अठ्ठावीसशे कमी पडतात. ते कुणी भरले ते लिहीत नाही. घरी अजून माहीत नाही.

२०२४ हे निवडणुकीचं वर्ष. सोलापूरचं मतदान ७ मेला. वाचनालयात चोवीस मुलं मावत नव्हती म्हणून जी शाळा बघितली होती, तीच मतदान केंद्र निघाली. वर्ग ८ मेला सुरू केला, तीस दिवसांचे अठ्ठावीस झाले. पहिल्या दिवशी फळ्यावर खडूनं 'मतदान कक्ष' आणि बाण तसाच होता. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, कूलरमध्ये जारचं पाणी ओतायचं. दोन दिवसांच्या नाश्त्याचे वाचलेले पैसे त्या जारमध्येच गेले.

मी हिशेबाच्या निमित्तानं रोज सकाळी अर्धा तास जाऊन बसायचो. एक मुलगा, बापाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारा, टोपलीतल्या कांड्या मोजण्यात एकदम पक्का. त्रेसष्ट कांड्या मोजल्या, तोंडानं त्रेसष्ट म्हणाला आणि पाटीवर लिहिले ३६. ताईंनी मला हळूच सांगितलं, त्याची चूक नाही, मराठीची गंमत आहे. आपण 'त्रे' आधी म्हणतो आणि 'साठ' नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. बहुतेक मुलं ही उडी न कळत मारतात, हा तिथं पडतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचायची पद्धत दिली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं टिंगल केली. मीही केली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्या मुलाला ताईंनी दहा-दहा कांड्यांचे सहा जुडगे बांधायला लावले आणि बाजूला तीन सुट्या ठेवल्या. त्यानं बराच वेळ बघितलं. मग स्वतःच पाटी पुसली.

३१ मेच्या रात्री वेगळंच महाभारत. देणगीदारांची यादी, १० बीडी नावाचा फॉर्म, त्याची शेवटची तारीख ३१ मे. तो भरल्याशिवाय कुणालाच कराचं प्रमाणपत्र निघत नाही. वर्गाच्या गडबडीत मी विसरलो होतो. रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं ओढून संगणकावर बसलो. डोळे दुखत होते म्हणून धाकटीला म्हटलं, तू पॅन वाच, मी टाइप करतो. ती ओळीखाली पट्टी धरून वाचते, अजूनही. अकराव्या नावाला साइटनं नकार दिला. मी तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा, मी शून्य म्हटलं, तुम्ही ओ टाइप केला." खरंच तसं होतं. पावणेबाराला पावती आली.

शेवटचं भांडण अहवालावरून. मार्चची चाचणी आणि जूनची चाचणी शेजारी-शेजारी मांडली. मिनिटाला किती शब्द, किती चुका. सतरा मुलं चांगली पुढं सरकली होती, चार थोडीशी, आणि तीन जागच्या जागी. कंपनीच्या छापील तक्त्यात 'लाभार्थी: २४, यशस्वी: ___' अशी रिकामी जागा होती. मी चोवीस लिहायच्या बाजूनं होतो, खरं सांगतो. पुढच्या वर्षी परत त्याच दारात उभं राहायचं होतं. ताई म्हणाल्या, त्या तिघांचं लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळे पैसे कसे मागणार? एकाचे डोळे परत तपासायला पाहिजेत, एकाच्या घरी बापाचं पिणं आहे, आणि तिसऱ्याचं मला अजून कळलेलं नाही, असंच लिहा. तसंच लिहिलं. कंपनीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अहवाल कुणी वाचला असेल का, हीसुद्धा शंकाच आहे. मात्र टॉवेलवाल्यांनी तो पूर्ण वाचला आणि त्या तिसऱ्या मुलाच्या तपासणीचे पैसे वेगळे आणून दिले, पाकिटात, बाहेर फक्त त्याचं नाव लिहून.

आता नवरात्र बसलं की मी फाईल झाडून काढतो. अर्जाची तारीख ऑक्टोबरची, खर्चाचे दोन ढीग, पिवळी रेघ मारलेली झेरॉक्स सगळ्यात वर. पीटीआरवर माझं नाव आलंय, अण्णांचं गेलंय; त्यांचा फोटो तेवढा भिंतीवर आहे. परवा होटगी रोडला एका कंपनीत जाऊन आलो. जानेवारीत कळवतो म्हणाले. येताना स्टँडवर गेल्या वर्षीचा रिक्षावाला भेटला. मला बघून हात दाखवला आणि लांबूनच ओरडला, "मालक, मेचं काय? लग्नाच्या वर्दीवाल्याला हो म्हणू का नको म्हणू, ते आत्ताच सांगा."

मी म्हटलं, त्याला नको म्हण.